फोटॉनिक्स हे ऑप्टिक्सचं टोपणनाव नव्हे

सर, नमस्कार.

फोटॉनिक्सवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा सविस्तरच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकाशाच्या शास्त्राला ऑप्टिक्स हे नाव आहे, मराठीत प्रकाशिकी हा नेटका शब्द आहे, मग फोटॉनिक्स कशाला? कंपन्यांनी आणि कॉलेजांनी जुनाच माल नव्या नावाने विकायला काढला आणि मी त्याची भलामण केली. शिवाय, "घरी फायबर आलं तरी शेवटी आत वीजच चालते" असंही तुम्ही लिहिलंय. फोंड्यात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचा हा आक्षेप आहे, तो वरवरच्या उत्तराने भागणारा नाही.

विजेपासूनच सुरुवात करतो. आपल्याकडे घरोघरी आलेल्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून तुमच्या घरातल्या मॉडेमच्या डब्यापर्यंत डेटा वाहून नेणारी वीज मुळीच नसते. खांबावरच्या पेटीतला स्प्लिटर एका धाग्यातला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो, आणि त्यालाही वीज लागत नाही. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घरातून जाणारा १३१० चा, दोन्ही एकाच धाग्यातून आणि दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. विजेशी गाठ पडते ती दोन्ही टोकांना.

गेल्या पावसात आमच्याकडे नेट वारंवार जात होतं. माडाचं चुडत पडून तार तुटली असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. फायबरवाल्या मुलाने प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावला तर आकडा उणे २९ डीबीएम, म्हणजे फारच क्षीण. खांबावर मात्र प्रकाश पुरेसा येत होता. मग त्याने पेनासारखा लाल लेझर धाग्याच्या टोकाला लावला आणि कपाटामागे डब्याला जोडणारी पिवळी फायबरची दोरी (पॅच कॉर्ड) जिथे दुमडली होती, नेमकी तिथे लाल ठिणगीसारखी चमक दिसली. प्रकाश तिथून गळत होता. कॉर्ड सैल वळवून दिली, आकडा उणे २१ वर आला, नेट सुरू. उणे २० डीबीएम म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. एवढ्याशा प्रकाशावर अख्ख्या घराचं काम चालतं.

आता यात ऑप्टिक्स कुठलं आणि फोटॉनिक्स कुठलं? प्रकाश काचेच्या आत परावर्तित होत पुढे जातो आणि तीव्र वळणावर बाहेर निसटतो, हे तुम्ही बारावीच्या मुलांना शिकवलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन. ते प्रकाशिकीच, त्याबद्दल वाद नाही. पण नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश निर्माण करणारा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) लेझर, सेकंदाला अब्जावधी वेळा त्या प्रकाशावर माहिती चढवणं, आणि मिलिवॅटचा शंभरावा भाग पकडून त्याचा विजेचा संकेत करणारा फोटोडायोड, हे भिंग-आरशांच्या शास्त्रात बसत नाही. तिथे प्रकाश आणि द्रव्य यांची फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, पातळीवर देवाणघेवाण चालते. प्रकाश निर्माण करणं, वळवणं, वाढवणं आणि पकडणं, या कामाचं नाव फोटॉनिक्स.

हे नाव आलं तेही गरजेतून. अभियंते चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवलं की काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट खाली आणली तर टेलिफोन काचेतून चालवता येईल. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एक भाग उरणं. तेवढंही त्या काळी अवघड होतं. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीने तो टप्पा ओलांडला, आणि त्याच वर्षी अर्धवाहक लेझर खोलीच्या तापमानाला अखंड चालू लागला. आजच्या चांगल्या धाग्यात घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग पुढे जातात.

तुमच्या आक्षेपाला खरं उत्तर मात्र १९८७ मध्ये आहे. तोवर लांबच्या मार्गावर ठरावीक अंतराने प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. "शेवटी वीजच" हे तेव्हा बऱ्याच अंशी खरं होतं. मग एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला काचेचा धागा आला. त्याला पंप लेझरने ऊर्जा पुरवली की आतून जाणारा संकेत प्रकाश असतानाच वाढतो, मध्ये वीज होत नाही. समुद्राखालच्या लांब केबल याच युक्तीवर चालतात. या तंत्राला ऑप्टिक्स म्हणणं मला अपुरं वाटतं.

सीमारेषा धूसर आहे, हे मान्य. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं भिंग ऑप्टिक्स, मागचा सेन्सर फोटॉनिक्स. आपल्या दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत पाण्यात प्रकाश कसा शोषला जातो, कसा विखुरतो याचा अभ्यास होतो. त्या शाखेचं नाव ओशन ऑप्टिक्स आणि ते योग्यच आहे, कारण प्रश्न प्रकाशाच्या वागण्याचा आहे. मोजणाऱ्या उपकरणात मात्र फोटोडायोड बसलेला असतो. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर तर सगळा फोटॉनिक्सच: एक लाल एलईडी, एक अवरक्त, पलीकडे डिटेक्टर, आणि दोन्ही प्रकाश रक्तात किती शोषले गेले यावरून ऑक्सिजनचा अंदाज.

प्रकाशिकी हा शब्द मला प्रिय आहे आणि ऑप्टिक्ससाठी मी तोच वापरतो. पण घरातली ट्यूब गेली तर आपण वायरमनला हाक मारतो आणि टीव्ही बिघडला तर दुसऱ्याला, कारण इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स हा फरक मराठीत केव्हाच रुळलाय. फोटॉनिक्सलाही तेवढी जागा द्यायला हरकत नसावी.

नावाचा गैरवापर होतो, हा तुमचा मुद्दा मात्र पूर्ण पटतो. तुमच्या भाचीने बीएस्सीनंतर फोटॉनिक्स घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. कोचीच्या विद्यापीठात तर या विषयाचं स्वतंत्र स्कूलच आहे. पण कुठेही अर्ज करण्याआधी तिला पाटीऐवजी अभ्यासक्रम वाचायला सांगा. अर्धवाहक लेझर, डिटेक्टर, फायबर कम्युनिकेशन, नॉनलिनिअर ऑप्टिक्स हे विषय आणि त्यांची प्रयोगशाळा असेल तर जरूर जावं. सगळं भिंग, प्रिझम आणि व्यतिकरणापाशीच संपत असेल, तर तुमचा आक्षेप त्या कॉलेजला तंतोतंत लागू आहे.