पंचविशीतल्या खेळाडूचं काय?

नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हापासून आमच्या नातेवाईकांच्या आणि शाळेच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून उकरून निघतो, पोराला खेळात घालायचं की शिकवायचं. मग पुढच्या वर्षी वैभव सूर्यवंशीनं चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये शतक ठोकलं आणि वादाला आणखीच जोर आला. एक गट म्हणतो आठवीनंतर शाळेत नावापुरतं ॲडमिशन ठेवा आणि पोराला दिवसभर ॲकॅडमीत टाका, नाहीतर उशीर होतो. दुसरा म्हणतो आधी बारावी, डिग्री, नोकरी, मग काय खेळायचं ते रविवारी खेळ. माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचं सध्या हेच चाललंय आणि ताईनं ग्रुपवर मला थेट विचारलं, तुमच्या अमेरिकेत काय करतात म्हणून.

मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. इन्शुरन्स कंपन्यांमुळे इथं आपली माणसं भरपूर आहेत, आणि जवळच क्रॉमवेलला दर उन्हाळ्यात ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिप ही पीजीए टूरची, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेतली स्पर्धा होते, त्यामुळे गोल्फची गोडी मला इथंच लागली. आणि इथल्या गोल्फर्सची करिअर्स बघून माझं मत असं झालंय की आपले दोन्ही गट बारा-चौदा वर्षांच्या पोरावरून भांडतात, पण खेळाडूचं खरं काय होतं ते बावीस ते बत्तीस या दहा वर्षांत ठरतं, आणि त्या दहा वर्षांबद्दल ग्रुपवर कोणीच बोलत नाही.

मॅक्स होमाचं बघा. २०१३ ला अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेज गोल्फर्समध्ये वैयक्तिक चॅम्पियन. म्हणजे आपल्याकडे अशा पोराचे चौकात फ्लेक्स लागले असते. टूरवर गेला, कार्ड (म्हणजे टूरवर खेळायचा हक्क) गेलं, परत मिळवलं, परत गेलं. २०१७ च्या सीझनमध्ये त्याची बक्षिसाची कमाई होती १८,००८ डॉलर, अख्ख्या वर्षाची. आता हे कसं होतं ते समजून घ्या, स्पर्धा चार दिवसांची असते, दोन दिवसांनंतर वरचे ६५ (२०१७ ला ७०) आणि त्यांच्या बरोबरीत असलेले तेवढे पुढे खेळतात, बाकीच्यांचा कट चुकतो आणि त्यांना बक्षिसातला एक डॉलरही मिळत नाही, वर विमान, हॉटेल, कॅडीचा (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचा) आठवड्याचा पगार सगळं खिशातून. हल्ली टूरनं थोडी किमान रक्कम द्यायला सुरुवात केलीय, तेव्हा तीही नव्हती. त्या वर्षी होमाचे बहुतेक कट चुकले. मग तो खालच्या टूरवर गेला, तिथं खेळून परत वर आला, २०१९ ला पहिली स्पर्धा जिंकला आणि २०२३ च्या जानेवारीपर्यंत सहा जिंकल्या. २०१७ ला त्याच्या घरच्यांनी "बस झालं आता" म्हटलं असतं तर त्यांना कोण चुकीचं म्हणणार होतं?

जे. जे. स्पॉन तर त्याहून पुढचा. सॅन डिएगो स्टेटला स्कॉलरशिप नव्हती, वॉक-ऑन म्हणून, म्हणजे निवड चाचणी देऊन स्वतःच, टीममध्ये शिरला. मधे तब्येत बिघडली, डॉक्टरांनी टाइप २ डायबेटिस सांगितला आणि बऱ्याच काळानं कळलं की तो टाइप १ आहे, म्हणजे तोपर्यंतचे उपचारच चुकीचे. २०२४ च्या जूनमध्ये कार्ड जायची वेळ आली होती. आणि २०२५ च्या जूनमध्ये ओकमाँटला यूएस ओपन! शेवटच्या दिवशी पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी (म्हणजे पाच होलना ठरलेल्यापेक्षा एकेक फटका जास्त), मग पावसानं खेळ थांबला, परत सुरू झाल्यावर माणूस सावरला, सतराव्याला, जिथं चार फटके ठरलेले असतात, एका फटक्यात ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) पोचून बर्डी, म्हणजे एक फटका कमी, आणि अठराव्याला ६४ फुटांवरून पट, म्हणजे जमिनीवरून ढकललेला चेंडू, थेट आत. वय ३४. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. ४३ लाख डॉलरचं बक्षीस, आणि ग्रुपवर फॉरवर्ड फक्त त्या आकड्याचा आला, आधीच्या बारा-तेरा वर्षांचा नाही.

आणि जिम फ्युरिक. दहा लोकांत ओळखू येईल असा वेडावाकडा स्विंग, शिकवणारे आयुष्यभर स्वतःचे वडील, कुठल्याच नामवंत कोचनं तो बदलला नाही. २०१६ ला इथं क्रॉमवेललाच त्यानं एका दिवसात अठरा होल ५८ फटक्यांत संपवले, पीजीए टूरच्या इतिहासातला सगळ्यात कमी, म्हणजे सगळ्यात चांगला स्कोअर, वय ४६. आणि एवढं करून त्या आठवड्यात तो पाचव्या नंबरवर बरोबरीत राहिला. मला गोल्फमधलं हेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं, आयुष्यातला सर्वोत्तम दिवस खेळूनसुद्धा स्पर्धा जिंकाल अशी गॅरंटी नाही.

आता शाळेचं. होमा, स्पॉन, फ्युरिक, सगळे कॉलेजातून आलेले. स्कॉटी शेफलरकडे टेक्सास युनिव्हर्सिटीची फायनान्सची डिग्री आहे आणि त्यानं २०२४ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा आणि ऑलिंपिक गोल्ड दोन्ही घेतलं. टायगर वूड्ससुद्धा दोन वर्षं स्टॅनफर्डला होता. आपल्या ओळखीतले लोक लगेच अक्षय भाटियाचं नाव काढतात, सतराव्या वर्षी कॉलेज न करता प्रो झाला म्हणून, आणि तो जिंकलाही, पण त्याच्याच पिढीतला साहिथ थीगाला, आईवडील हैदराबादचे, पेपरडाइन युनिव्हर्सिटीतून शिकून आला आणि २०२३ ला टूरवर जिंकला. इथं खेळ आणि कॉलेज एकाच छपराखाली आहेत, कोच, प्रवास, स्पर्धा सगळं युनिव्हर्सिटी बघते, म्हणून "खेळ की शिक्षण" हा प्रश्न अठराव्या वर्षी इतका टोकाचा होत नाही. मात्र सगळं फुकट असतं हा गैरसमज काढून टाका, परवापरवापर्यंत वरच्या डिव्हिजनमध्ये पुरुषांच्या अख्ख्या गोल्फ टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती, ती आठ-दहा पोरांत वाटायची.

अमेरिकेचं सगळंच छान असंही मला म्हणायचं नाही. १९६१ पर्यंत पीजीए या व्यावसायिक गोल्फर्सच्या संघटनेच्या नियमात गोऱ्यांशिवाय कोणी सभासद होऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. चार्ली सिफर्ड, शार्लटचा कृष्णवर्णीय कॅडी पोरगा, त्याची ऐन उमेदीची वर्षं त्या नियमानं खाल्ली. नियम गेला, आणि १९६७ ला आमच्या इथल्याच वेदर्सफील्डला, म्हणजे आजच्या ट्रॅव्हलर्सचीच जुनी स्पर्धा, ग्रेटर हार्टफर्ड ओपन, ती त्यानं जिंकली, तोपर्यंत वय चाळिशीच्या पुढे गेलेलं. त्याला ती पंधरा-वीस वर्षं मिळाली असती तर किती जिंकला असता याचा विचार करून मला अजूनही राग येतो. आजही ज्युनियर गोल्फ इथं महाग आहे, कोच, प्रवास, फी, सगळं आईबापांवर. एक मात्र चांगलं, हार्टफर्ड शहराचे स्वतःचे कीनी पार्क आणि गुडविन पार्क असे सार्वजनिक कोर्स आहेत, तिथं कोणीही फी भरून खेळतं. आपल्याकडे साध्या घरातलं पोरगं बहुतेक वेळा कॅडी म्हणून किंवा माळ्याचं पोर म्हणूनच कोर्सवर पाऊल टाकू शकतं, गोल्फर एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्यात ग्रीनकीपर होते म्हणून देशाला तो मिळाला.

आणि म्हणून ताईच्या ग्रुपवर ज्या गोष्टीवर सगळे तुटून पडतात तिथं मी उलट बाजूला आहे. स्वप्नीलला रेल्वेत टीसीची नोकरी होती यावर किती पोस्ट आल्या, की बघा देशाचा नेमबाज तिकिटं तपासतो. अहो, पण २०१५ पासून ती नोकरी होती म्हणून तो २०२४ पर्यंत टिकला! क्रीडा प्रबोधिनीतून (राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रातून) बाहेर पडलेल्या पोराला नंतरची नऊ वर्षं दरमहा पगार, घरच्यांना धीर. होमाला १८,००८ डॉलरच्या वर्षात असं काही नव्हतं, आणि त्याच्यासारखे शेकडो जण छोट्या टूरवर गाडीत झोपून, मित्रांकडून पैसे उसने घेऊन दोन-तीन वर्षांत खेळ सोडतात, त्यांची नावं आपल्याला कळतही नाहीत. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, रेल्वे, पोलीस, यांना नावं ठेवण्याआधी हे बघा. माझी तक्रार वेगळी आहे, नोकरी बहुतेक वेळा मेडल आल्यावर मिळते, आणि गरज असते ती मेडलच्या आधी, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, जेव्हा पोरगं राज्य पातळीवर पहिल्या दहात असतं आणि घरी लग्नाचं बघायला लागलेले असतात.

ताईला मी एवढंच लिहिलं की शाळा सोडवू नकोस, आणि ॲकॅडमीवाल्यांना त्यांच्या चौदा वर्षांच्या चॅम्पियनचे फोटो मागू नकोस, दहा वर्षांपूर्वीच्या बॅचमधली किती पोरं अजून खेळतायत आणि जी सोडून गेली ती काय करतात ते विचार, आणि सांगता येत नसेल तर फी भरू नकोस.