नारळीकरांच्या कथा नावावर चालल्या नाहीत

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून एक मत पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं: ते थोर शास्त्रज्ञ होते म्हणून त्यांच्या कथा चालल्या, मराठी विज्ञानकथा त्यांनीच सुरू केली आणि त्या कथा म्हणजे गोष्टीच्या वेषातली शिकवणी. यातलं एकही विधान पुरतं टिकत नाही.

आधी नावाचं बघू. १९६५ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. त्यामुळे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना परीक्षक आपलं नाव ओळखणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते या अनोळखी जगतापांना. ज्या माणसाने स्वतःचं नाव मुद्दाम बाजूला ठेवलं, त्याच्यावर नावाच्या जोरावर चालल्याचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

सुरुवातीचं श्रेय मात्र त्यांना देऊ नये. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ १९१५ ची आहे, म्हणजे नारळीकरांच्या जन्माआधी सुमारे दोन तपांची. मराठीत ही वाट आधीपासून होती. त्यांनी तिच्यावर वर्दळ आणली.

शिकवणीच्या आरोपात थोडं तथ्य आहे. काही कथांत पात्रं समजावून सांगायला उभी राहतात आणि गोष्ट तेवढ्यापुरती थांबते. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. पुढे पुंजवादाचं, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या सिद्धांताचं, स्पष्टीकरण येतं, पण ते विसरलं तरी कथा विसरत नाही, कारण तिने मराठी मनाच्या सर्वांत जुन्या हळहळीला हात घातलेला असतो. ‘तसं झालं असतं तर?’ हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो; त्याला जागा देणारं विश्व नारळीकरांनी उभं केलं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त मोबियसच्या पट्टीची, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या आणि त्यामुळे एकच बाजू उरलेल्या पट्टीची, कल्पना आहे, पण ती लक्षात राहते घरातल्या मूर्तीच्या सोंडेमुळे. कल्पना इतक्या ओळखीच्या वस्तूत मुरवणं हे कथाकाराचंच काम.

हे सगळं त्यांनी संशोधन सांभाळून केलं. १९८८ पासून २००३ पर्यंत ते पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक होते. तरीही लेखन सुटलं नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. गंगाधरपंतांची कथा तर इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. ती तिथे वाचणाऱ्या कितीतरी मुलांना तिचा लेखक खगोलशास्त्रज्ञ होता, हे ती वाचून झाल्यावरच कळत असेल.