जकार्त्याचं सोनं हलकं नव्हतं

१९६२च्या जकार्ता आशियाई खेळांतल्या भारताच्या फुटबॉल सुवर्णावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, ‘१९६२च्या आशियाई सुवर्णपदकाचं एवढं कौतुक करताना इस्रायल आणि तैवानला त्या स्पर्धेत येऊच दिलं नव्हतं, फुटबॉलला आठच संघ होते, हे सोयीस्कर गाळलंत. आणि सोलापुरात बसून फुटबॉलचे गोडवे कशाला?’

पहिला आक्षेप मान्य. मुद्दाम गाळलं नाही, पण गाळलं हे खरं, आणि ती चूक माझी. तैवान तर १९५४ आणि १९५८ या दोन्ही वेळचा विजेता. गतविजेताच मैदानात नसेल तर तुमच्यासारखा वाचक विचारणारच.

मात्र या दोघांना वगळल्यामुळे आपली वाट सोपी झाली, हे मला पटत नाही. १९६०च्या आशिया चषकात दक्षिण कोरियाने इस्रायलला ३-० आणि तैवानला १-० असं हरवून सलग दुसऱ्यांदा चषक नेला होता. जकार्त्यात पहिल्याच सामन्यात आपली गाठ याच कोरियाशी पडली आणि आपण ०-२ हरलो. मग थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरियाच!

त्या दोन देशांना वगळण्यावर जाहीर आक्षेप घेतला तो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवरच्या आपल्याच गुरुदत्त सोंधींनी. त्याचा राग जकार्त्यात आपल्यावर निघाला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत आपली पोरं अंतिम सामन्याला उतरली. म्हणजे ज्या गोष्टीने पदक हलकं झालं असं तुम्ही म्हणता, तिचीच झळ त्यांनी सोसली.

आणि त्या संघातला जर्नेलसिंग! थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. तो मूळचा बचावपटू. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला उपांत्य सामन्यापासून थेट आघाडीवर खेळवलं. हे मला नीट कळलं ते आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेजारच्या काकांमुळे. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेला, पण लहानपण मामाकडे हैदराबादला. एका दुपारी त्यांनी शहाबादी फरशीवर सुताच्या अकरा कांड्या मांडल्या आणि लाल सुताची मागची कांडी उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवली. ‘रहीमसाहेबांनी हे केलं बघ. आता कोरियावाल्यांनी धरायचं कुणाला?’ अंतिम सामन्यात १७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला आणि २०व्या मिनिटाला दुसरा केला तो या लाल कांडीने. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण सामना २-१ असा आपला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच फरशीवर आहे. रहीम हैदराबादचे. त्या संघातला गोलरक्षक थंगराज जन्माने हैदराबादचा, बलराम सिकंदराबादचा, युसूफ खान हैदराबाद सिटी पोलीसचा. आमच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे सोयरे त्या बाजूला. तेलुगू विणकर पद्मशाली घरांमध्ये आजही लग्नाची बोलणी करायला लोक हैदराबादची गाडी धरतात. कोलकात्याला हा खेळ जितका आपला वाटतो, तितका तो आम्हालाही वाटला तर नवल काय? आणि फ्रँको गोव्याचा, म्हणजे तोही शेजारचाच.

रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. १९७०चं कांस्य तेवढं हाती लागलं.

मूळ लेखात इस्रायल-तैवानचा परिच्छेद आज घातला आहे, आणि तो तुमच्या आक्षेपावरून घातला हेही तिथे लिहिलं आहे. काकांना तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘त्यांना घेऊन ये इकडे, कांड्या आहेत माझ्याकडे.’