परत मावठा, परत तोच चिखल

अरे यार, मावठा म्हणजे हा हिवाळ्यातला पाऊस, जानेवारीत पाऊस म्हणजे काय छळ आहे! तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, म्हणे भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण-अफगाणिस्तान ओलांडून एवढ्या लांब येतो आणि आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्ल्यांत पाणी ओततो, गव्हाला चांगला असतो म्हणतात सगळे, मान्य, पण गहू शेतात आहे हो, मी दाल बाजारात घोट्याभर गाळात उभी आहे! आणि पाइपलाइनसाठी रस्ता नेमका मावठ्याच्या तोंडावरच का खणतात? वर नुसती माती लोटून मोकळे, पाऊस पडला की ती खचते, मग पाण्याखाली खड्डा कुठंय ते स्कूटीचं चाक आत गेल्यावरच कळणार. त्यात सकाळचं धुकं. आई म्हणते गमबूट घाल, अगं ऑफिसात गमबूट?? आणि मोजे तर वाळायचं नावच घेत नाहीत.