दाणे पेरून ‘भगवा’ मिळत नाही

मृग जवळ आला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: बाजारातल्या ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाचे दाणे कुंडीत टाका, वर्षात तसंच डाळिंब खा, कलमाला पैसे घालू नका, बियांच्या झाडाला तेल्या (पानाफळांवर तेलकट ठिपके पाडणारा रोग) येत नाही. वाचून लोक खरंच कुंड्या भरतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

दाणे उगवतात, त्याबद्दल वाद नाही. गर कापडात चोळून काढायचा, बी धुऊन सावलीत सुकवायचं, अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचं. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतो. कुंडीत नुसती रानातली काळी माती मात्र नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

पण त्या रोपाला भगवा म्हणता येणार नाही. भगवा हा गणेश आणि गुल-ए-शाह रेड या डाळिंबाच्या दोन वाणांच्या संकराच्या पुढच्या पिढीतून निवडलेला वाण. त्याच्या बियांत ते गुण पुन्हा वेगवेगळे वाटले जातात, शिवाय परागकण दुसऱ्या झाडाचेही असू शकतात. एकाच फळातल्या रोपांपैकी कुणाचा दाणा फिका निघेल, कुणाचं बी कडक, कुणाची चव आंबट. यावर कुणी म्हणेल, गणेशही बियांच्या रोपांतूनच आला ना? आला. फळबाग शास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्याला आळंदी वाणाच्या रोपांतून तो निवडला. पण निवड म्हणजे पुष्कळ रोपं वाढवून, फळं तपासून, बाकीची सोडून देणं. आणि निवडलेला गणेश पुढे पसरला तो कलमांनीच.

वर्षात फळ ही तर शुद्ध थाप आहे. बियांच्या झाडाला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. मला राग येतो तो इथे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला एवढे उन्हाळे पाणी घालायला लावायचं, तर फळाचा भरवसा नाही हे आधी सांगायला हवं.

तेल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. रोगट बागेतल्या गुटीबरोबर (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या कलमाबरोबर) तेल्या घरी येतो, बियांचं रोप त्या बाबतीत स्वच्छ सुरुवात करतं. पण हा जिवाणूजन्य रोग आहे. वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर तो कोणत्याही झाडावर जातो. पानावर तेलकट ठिपका दिसला की ते पान काढून जाळा.

‘फुलं गळतात म्हणजे झाड नर, उपटून टाका’ ही पुस्तीही जोडलेली असते. कृपा करून उपटू नका. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात. गळालेलं फूल हातात घेऊन बघा: बूड निमुळतं असेल तर ते नर, ते गळणारच. बूड फुगीर असेल त्यालाच फळ धरतं.

भगवाच हवा असेल तर ओळखीच्या निरोगी बागेतून गुटी मागा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढतात, ओलं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) लावून वर प्लास्टिक घट्ट बांधतात. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खालून कापून पिशवीत लावायची.