चोरांची पायपीट वाचवा

पूर्वी मुंबईत घरफोडी करायची म्हणजे केवढे कष्ट! चार दिवस बिल्डिंगसमोर टेहळणी करायची, दारातल्या दुधाच्या पिशव्या मोजायच्या, वर समोरच्या काकूंची नजर चुकवायची. हे कष्ट कमी करणं आता सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

गणपतीला गावी निघालात की सीएसएमटीला कोकणकन्येच्या डब्यासमोर सहकुटुंब सेल्फी काढून फेसबुकवर टाकाच. खाली 'चला, सात दिवस मुंबईला टाटा' एवढं लिहिलं तरी पुरे. परतीच्या तिकिटाचा फोटो जोडलात तर काम कधीपर्यंत आटपायचं तेही समोरच्याला कळेल. पत्ता वेगळा द्यायची गरज नाही. गेल्या दिवाळीच्या रांगोळीमागे तुमची नेमप्लेट, फ्लॅट नंबर आणि सेफ्टी डोअरचं कुलूप छान स्पष्ट आलंय. फोटो परत आल्यावर टाकणारे लोक असतात. त्यांना मोदकसुद्धा गारच आवडत असणार.

फ्रेंड लिस्ट सगळ्यांना दिसू द्या. 'ओन्ली मी' करून ठेवलीत, तर तुमचा फोटो लावून दुसरं प्रोफाइल उघडणाऱ्याने 'मावशी, हॉस्पिटलात आहे, 15,000 पाठव' हे कुठल्या मावशीला लिहायचं?

कुरिअरवाल्याचा फोन आला, 'पार्सल अडकलंय, स्टार 21 स्टार लावून हा दहा आकडी नंबर डायल करा', तर अजिबात शंका घेऊ नका. तुम्हाला येणारे कॉल आता त्याच्याकडे वळतात. मग तो स्वतःच्या फोनवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो, कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागतो आणि तो कॉल त्यालाच जातो. तुम्हाला ओटीपी सांगायचाही त्रास नाही! हॅश हॅश 002 हॅश डायल करून फॉरवर्डिंग रद्द करणं हा शुद्ध अविश्वास झाला. तसंच सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं शोधत जाऊन सहा आकडी पिन लावून ठेवू नका. नुसता कोड हाती लागून भागत नाही, पिनपाशी येऊन बिचारा अडतो.

लग्नपत्रिका एपीके फाइल, म्हणजे चक्क एक अ‍ॅप म्हणून आली तर आनंदाने इन्स्टॉल करा. पत्रिकेला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी, असले प्रश्न वऱ्हाडी विचारत नाहीत.

जुना सोफा विकायला काढलात आणि गिऱ्हाईक म्हणालं, 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका', तर टाका. यूपीआय पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी नाही, हे त्याला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असलं तर व्यवहारात मजा काय?

व्हिडिओ कॉलवरच्या वर्दीतल्या साहेबांनी 'डिजिटल अरेस्ट' केली तर बाथरूमलाही विचारून जा. कायद्यात अशी अटकच नाही, पण साहेबांचा हिरमोड नको.

आणि पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकायला वेळ द्यावा लागतो; लवकर कळवलं तर वाटेतच गोठवतात. त्यापेक्षा आधी सोसायटीच्या ग्रुपवर 'माझं अकाउंट हॅक झालंय, कुणी पैसे पाठवू नका' असं टाकायला जा. तिथे तुमच्या नावाने मघाशीच 'शुभ सकाळ' पडलंय, आणि सेक्रेटरींनी नमस्कारही केलाय.