गारिसेंदाला भाडेकरू नाहीत

गेल्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याचा फोटो आला. कोरीव खांब टेम्पोत आडवे टाकलेले. लगेच ठरलेला सूर लागला, "युरोपात बघा, दगड न् दगड जपतात. आपल्याला किंमतच नाही." पाठोपाठ मला टॅग. तू तिथे राहतेस, तूच सांग!

मी इटलीतल्या बोलोन्यात राहते. शहराच्या मधोमध दोन मनोरे आहेत. असिनेल्ली ९७ मीटरचा, त्याच्या शेजारचा गारिसेंदा ४८ मीटरचा आणि चांगलाच कललेला. बाराव्या शतकात इथल्या तालेवार घराण्यांनी चढाओढीने असे मनोरे उभारले. आज त्यातले वीसेक उरलेत. गारिसेंदा मुळात साठेक मीटर होता. तो झुकायला लागला तेव्हा चौदाव्या शतकाच्या मध्याला वरचे बारा मीटर चक्क उतरवून घेतले. इटालियन महाकवी दान्तेने तो त्याआधी पाहिला होता. कलत्या बाजूखाली उभं राहून वर बघावं आणि वरून ढग सरकावा, म्हणजे मनोराच अंगावर येतोय असं वाटतं. त्याच्या महाकाव्यात नरकातला एक राक्षस वाकतो, तेव्हा दान्तेला हेच आठवलं. त्या ओळींची पाटी मनोऱ्याच्या पायाशी आहे.

आता मात्र त्या पाटीपाशी जाता येत नाही. मनोऱ्यावर बसवलेल्या यंत्रांनी वेगळीच हालचाल टिपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो परिसर बंद झाला. बुंध्याचा दगड जिप्समचा, ओल धरणारा. त्यात जुन्या काळी तिथे कारागिरांच्या भट्ट्या होत्या, त्या धगीनेही तो पोखरला. पडलाच तर ढिगारा अडावा म्हणून भोवती मोठमोठे लोखंडी कंटेनर लावलेत. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज दोन कोटी युरोंच्या घरातला, म्हणून लोकांकडून वर्गणीही मागितली. माझी बस वळसा घालून जाते आणि थांब्यावर रोज कुणीतरी करवादत असतं. वारसाप्रेमाने भारावलेलं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

ग्रुपला न आवडणारी गोष्ट पुढेच आहे. याच चौकात आर्तेनिझी आणि रिक्कादोन्ना असे आणखी मनोरे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते पाडले. कशासाठी? रस्ता रुंदीकरण! जाणत्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्याआधी १९०२ पासून शहराची तटबंदी पाडायला घेतलीच होती. तिच्या बऱ्याचशा वेशी तेवढ्या राहिल्या. म्हणजे जपण्याचं बाळकडू वगैरे इथेही कुणाला मिळालेलं नव्हतं.

आणि गारिसेंदात कुणी राहत नाही, हे तर आपण विसरतोच. आमच्या आजोळच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. सगळ्यांचं मिळून येणारं भाडं कौलं चाळायलाही पुरायचं नाही. दुरुस्ती मालकाने करायची की भाडेकरूंनी, यावर तीस वर्षं भांडण चाललं. तेवढ्यात वाडाच खचला. अशा घराची तुलना रिकाम्या मनोऱ्याशी करून मामाला अडाणी ठरवायचं, हे मला पटत नाही.

एका बाबतीत मात्र ग्रुपचं बरोबर आहे. इथे मोजमाप चालू होतं, म्हणून वेळेत कळलं. आजोळी माजघराच्या भिंतीला तडा होता. दर पावसाळ्याआधी मामा त्याच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायचा. पाच-सहा रेघा तरी असतील, एकीखाली एक. त्या बघायला कधी कुणी इंजिनिअर आला नाही. धोकादायक इमारतीची नोटीस तेवढी आली.

परवा व्हिडिओ कॉलवर मामाला ते कंटेनर दाखवले. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पैसे कोण भरतंय?"

"सरकार, पालिका, थोडी वर्गणी."

"आणि मालक?"

"मालक पालिकाच."

"मग काय," तो म्हणाला, आणि जेवलीस का विचारायला लागला.